अदृश्य कणांची साक्ष

मृगाच्या पहिल्या पावसाच्या सुमारास यवतमाळच्या घराघरांतून एक अनुभव ठरलेला असे. आकाशांत काळे ढग जमत, दूर कोठें तरी वीज लकाके, आणि गडगडाट ऐकूं येण्यापूर्वींच मध्यमलहरींवरचा रेडिओ तडतडूं लागे. बातम्या चालू असोत कीं गाणें, त्या तडतडींत शब्द बुडून जात. घरांतील वडील माणूस उठून बटण फिरवी, एरियलची तार नीट करी. पण वक्त्याचा आवाज मोठा केला म्हणजे तडतडहि तितकीच मोठी होई. ह्या साध्या अनुभवांत एका मोठ्या शास्त्राचें मर्म आहे. संकेत मोठा करणें फारसें कठीण नसतें. संकेत कोणता आणि खरखर कोणती, हें ओळखणें कठीण असतें. पदार्थाच्या सूक्ष्मतम कणांचा मागोवा घेणाऱ्या यंत्रांची इलेक्ट्रॉनिक रचना जे करितात, त्यांचें सारें कौशल्य ह्या एका ओळखींत सांठवलेलें असतें.

ज्या अंगणांत तो रेडिओ वाजे, त्याच अंगणांत दुसराहि एक पाऊस अहोरात्र पडत असतो. अंतराळांतून येणारे वेगवान प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरांतील अणूंवर आदळतात आणि त्या आघातांतून नवे कण जन्मास येतात. त्यांपैकीं म्यूऑन नांवाचे कण जमिनीपर्यंत येऊन पोंचतात. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनच्या सुमारें २०७ पट जड असतो आणि स्थिर स्थितींत त्याचें सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या दुपटीहून किंचित् अधिक असतें. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला दर मिनिटास सुमारें एक म्यूऑन पडतो. तळहात आडवा पसरला, तर त्यांतून दर सेकंदाला एक-दोन म्यूऑन आरपार जातात. छपरांतून, भिंतींतून, कपाशीच्या शेतांतून ते जमिनीत शिरतात. कोणाला त्यांचा स्पर्शहि जाणवत नाहीं.

मग त्यांची नोंद होते कशी? विद्युद्भारित कण कोणत्याहि पदार्थांतून जातांना वाटेंतल्या अणूंना धक्के देत जातो. कांहीं विशिष्ट प्लास्टिकें अशीं आहेत, कीं अशा धक्क्यानें तीं क्षणभर निळसर चमकतात. एक सेंटिमीटर जाडीच्या पट्टींतून म्यूऑन गेला तर तो सुमारें वीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मागें ठेवतो. हा आकडा ऐकण्यास मोठा वाटतो. परंतु उडत्या डासाच्या गतींत जेवढी ऊर्जा असते, तिचा हा सुमारें पांच लाखांवा भाग आहे. त्यांतून प्रकाशाचे कांहीं हजार कण निघतात आणि त्यांतले थोडेच फोटोमल्टिप्लायर नांवाच्या निर्वात नळीच्या तोंडापर्यंत पोंचतात. तेथें ते इलेक्ट्रॉन मोकळे करितात. नळींत एकामागून एक अशा पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीवर आदळणारा एक इलेक्ट्रॉन तीन-चार नवे इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. दहा-बारा पायऱ्यांनंतर एकाचे दहा लाख झालेले असतात. आतां कोठें तारेंतून एक स्पंद धांवतो, आणि तोहि सेकंदाच्या अब्जांश भागाच्या कांहीं पटींइतकाच टिकतो.

येथून इलेक्ट्रॉनिक रचनाकाराचें काम सुरू होतें. स्पंद प्रथम वाढवावा लागतो, मग त्याचा आकार नीट करावा लागतो, म्हणजे एका स्पंदाची शेपटी दुसऱ्या स्पंदावर पडत नाहीं. त्यानंतर येतो उंबरठा. ठराविक उंचीपेक्षां लहान स्पंद दाराबाहेरच ठेवायचे आणि मोठे तेवढे आंत घ्यायचे, असा हा नियम. उंबरठा फार खालीं ठेवला तर खरखर आंत शिरते. फार वर ठेवला तर खरे पाहुणेहि बाहेर राहतात. हा उंबरठा किती उंच असावा, ह्याचा निर्णय प्रयोगापूर्वीं घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत प्रयोग संपल्यावर कळते.

तथापि केवळ उंबरठ्यानें निभावत नाहीं. फोटोमल्टिप्लायर नळीला पूर्ण अंधारांत ठेवलें तरी ती स्वस्थ बसत नाहीं. तिच्यांतील पृष्ठभागावरून केवळ उष्णतेनेंहि एखादा इलेक्ट्रॉन सुटतो आणि तोहि पायऱ्या उतरतां उतरतां दहा लाखांचा होतो. कण आलाच नसतां कण आल्याची वर्दी मिळते. एकटी नळी ही अशा रीतीनें नेहमींच अविश्वसनीय साक्षीदार असते.

ह्यावरचा उपाय न्यायालयांतल्यासारखाच निघाला. एका साक्षीवर निकाल द्यावयाचा नाहीं. स्वतंत्र साक्षीदारांनीं एकाच क्षणाची गोष्ट सांगितली तरच ती मान्य करावयाची. जर्मनींत वाल्थर बोटे ह्यांनीं हें तत्त्व दोन गणकांसाठीं वापरलें. १९५४ सालीं त्यांना जें नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्याच पद्धतीसाठीं. १९३० सालीं फ्लॉरेन्स येथील ब्रूनो रॉसी ह्या तरुण शास्त्रज्ञानें, रेडिओंत असतात तसलेच व्हॉल्व्ह घेऊन, दोनच नव्हे तर हव्या तितक्या साक्षीदारांना एकत्र आणणारें मंडल रचलें. त्याची युक्ति हौदाच्या दृष्टान्तानें सहज समजते. एका हौदांत पाण्याची धार चालू आहे आणि त्याला खालीं तीन मोऱ्या आहेत. एक मोरी बुजली तरी उरलेल्या दोहोंतून पाणी वाहून जातें व पातळी फारशी चढत नाहीं. दोन बुजल्या तरी तिसरी काम भागवते. तिन्ही एकदम बुजल्या तरच पाणी झपाट्यानें वर येतें. रॉसीच्या मंडलांत व्हॉल्व्ह ह्या मोऱ्या होत्या. गणकाचा स्पंद आला कीं त्याचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद होई. सर्व व्हॉल्व्ह एकाच वेळीं बंद झाले तरच सामायिक टोंकाचा विद्युद्दाब उसळी मारी. आजच्या संगणकाला जो 'हें आणि तेंहि' असा विचार करतां येतो, त्याचें एक आरंभींचें रूप विश्वकिरण मोजण्याच्या ह्या खटाटोपांत दिसतें.

साक्षीदार वाढवल्यानें काय साधतें, हें थोड्या हिशेबानें पाहण्यासारखें आहे. समजा, प्रत्येक नळी अंधारांत दर सेकंदाला एक हजार खोटे स्पंद देते, आणि एका मायक्रोसेकंदाच्या आंत आलेले स्पंद 'एकाच वेळचे' मानावयाचे असें ठरलें. दोनच नळ्या असतील, तर त्यांचे खोटे स्पंद केवळ योगायोगानें जुळून दर सेकंदाला दोन खोट्या घटना नोंदल्या जातील. नळ्या चार केल्या, कीं अशी खोटी घटना सुमारें तीन दिवसांतून एकदां घडेल. आतां काळाची मर्यादा दहापट आंखूड केली, म्हणजे चारहि साक्षी मायक्रोसेकंदाच्या दशांशांत आल्या पाहिजेत असें म्हटलें, तर खोटी घटना आठ वर्षांतून एकदां घडेल. दर सेकंदाला दोन कोठें आणि आठ वर्षांतून एक कोठें! रचनाकार साक्षीदारांच्या संख्येसाठीं आणि काळाच्या एकेका अब्जांशासाठीं एवढा कां झगडतो, ह्याचें उत्तर ह्या हिशेबांत आहे. ज्या प्रयोगांत खरी घटनाच महिन्यांतून एखादी घडावयाची असते, तेथें हा हिशेब चुकला तर सारा प्रयोगच व्यर्थ होतो.

असा प्रयोग भारतांत झाला, आणि त्याची सूत्रें मुंबईंत होतीं. होमी भाभा ह्यांच्या पुढाकारानें १९४५ सालीं स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें आरंभापासूनच विश्वकिरणांचा अभ्यास हातीं घेतला होता. बाहेरून तयार यंत्रें आणून त्यांवर काम करण्यापेक्षां यंत्रें आपल्या प्रयोगशाळेंतच घडवावींत, असा भाभांचा कटाक्ष होता. ह्या हट्टाचें फळ विश्वकिरणांच्या संशोधनापुरतेंच राहिलें नाहीं. तुर्भे येथील अप्सरा अणुभट्टी १९५६ सालीं सुरू झाली, तेव्हां तिच्या नियंत्रणाचीं साधनें भारतीय अभियंत्यांनींच तयार केलीं होतीं. आणि तुर्भ्याच्या ह्याच परंपरेंतून १९६७ सालीं हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली.

म्यूऑनचा पाऊस टाळून न्यूट्रिनो नांवाच्या दुर्मिळ कणाची चाहूल घ्यावयाची, तर जमिनीखालीं खोल जाणें प्राप्त होतें. न्यूट्रिनो संख्येनें अफाट. परंतु पदार्थाशीं त्याचा संबंध इतका विरळ, कीं तो सबंध पृथ्वींतून सहसा न अडतां निघून जातो. क्वचित् एखादा न्यूट्रिनो खडकांतील अणुगर्भावर आदळतो आणि त्यांतून म्यूऑन बाहेर पडतो. तो म्यूऑन हाच न्यूट्रिनोचा पुरावा. पण आकाशांतून पडणाऱ्या म्यूऑनांच्या गर्दींत तो ओळखावा कसा? यवतमाळ जिल्ह्यांतील वणी भागांत कोळशाच्या खाणी आहेत. तेथल्या माणसाला जमिनीखालच्या अंधाराची कल्पना आहे. परंतु ह्या प्रयोगाला लागणारी खोली निराळ्याच प्रतीची होती. ती म्हैसूर संस्थानांत पूर्वीं मोडणाऱ्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत मिळाली.

मुंबईच्या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं कोलारच्या खाणींत १९५० नंतरच्या दशकापासून वेगवेगळ्या खोलींवर म्यूऑन मोजले होते. अगदीं खोल ठिकाणीं कित्येक आठवडे यंत्र चालूं ठेवूनहि एकहि म्यूऑन आढळला नाहीं. दुसऱ्या एखाद्या प्रयोगांत हें अपयश ठरलें असतें. येथें तीच मोठी शुभवार्ता होती. जेथें इतकी शांतता आहे, तेथेंच न्यूट्रिनोची कुजबुज ऐकूं येण्याचा संभव. मुंबईची संस्था, इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ आणि जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ ह्यांनीं मिळून चॅम्पियन रीफ खाणींत सुमारें ७,६०० फूट, म्हणजे २,३०० मीटर खोलीवर शोधक उभे केले.

त्यांच्या रचनेंतील तर्क पाहण्यासारखा आहे. वरून येणारे उरलेसुरले म्यूऑन जवळजवळ उभ्या रेषेंतच येतात, कारण तिरप्या वाटेनें त्यांना कित्येक पट अधिक खडक तुडवावा लागतो. म्हणून शोधकांच्या भिंती आडव्या न ठेवतां उभ्या, समोरासमोर ठेवल्या. एका भिंतींतून शिरून दुसरींतून बाहेर पडणारा कण आडव्या दिशेचा असणार, आणि तितक्या खोलीवर आडवा येणारा म्यूऑन न्यूट्रिनोपासूनच जन्मलेला असणार. प्रत्येक भिंतींतील चमकणाऱ्या प्लास्टिकवर नळ्यांची जोडी नजर ठेवी. दोन्ही बाजूंच्या जोड्यांनीं, म्हणजे चार साक्षीदारांनीं, एकाच क्षणाची ग्वाही दिली, तरच मंडल मान डोलावी. मग दोन भिंतींमधल्या निऑनच्या नळ्यांना उच्च दाबाचा झटका मिळे, ज्या नळ्यांतून कण गेला असेल त्या उजळत, आणि कॅमेरा त्यांचें छायाचित्र घेई. इतर सर्व वेळ तें यंत्र उष्ण, दमट अंधारांत नुसतें वाट पाहत बसे.

१९६५ सालीं ही वाट फळास आली. वातावरणांत जन्मलेल्या न्यूट्रिनोची नोंद कोलारला झाली. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणींत फ्रेडरिक राइन्स ह्यांच्या गटानेंहि अशीच नोंद केली. तिकडची घटना थोडी आधीची, तर कोलारचा निबंध दोन आठवडे आधीं छापला गेलेला. दोन खंडांतील दोन खाणींनीं एकाच वर्षीं दिलेली ही ग्वाही म्हणजेहि एक प्रकारें दोन साक्षीदारांचें एकमत होतें.

ह्याच खाणीनें पुढें दुसरा धडाहि शिकवला. प्रोटॉन हा कण अमर आहे कीं फार दीर्घ काळानें त्याचाहि ऱ्हास होतो, हें पाहण्यासाठीं १९८० सालीं तेथें लोखंडाचा १४० टन वजनाचा शोधक बसवला गेला. त्यांत कांहीं घटना अशा दिसल्या, कीं त्या प्रोटॉनच्या ऱ्हासाच्या असाव्यात असें शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. परंतु अमेरिकेंत व जपानमध्यें पाण्याचे कित्येक पट मोठे शोधक सुरू झाले, आणि त्यांत ह्या तर्काला दुजोरा मिळाला नाहीं. एका ठिकाणची साक्ष दुसऱ्या ठिकाणीं पटेपर्यंत ती केवळ उमेदवार राहते, हें त्या शास्त्रज्ञांनीं मान्य केलें. त्यांनीं त्या घटनांना पहिल्यापासून 'उमेदवार' असेंच म्हटलें होतें. कोलारचे प्रयोग पुढें थांबले आणि २००१ सालीं ती खाणहि बंद झाली.

त्यानंतर ह्याच संस्थेनें इतर संस्थांच्या सहकार्यानें त्याहून कितीतरी मोठ्या यंत्राचा आराखडा तयार केला. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा ह्या नांवानें तो ओळखला जातो. सुमारें ५० हजार टन लोखंड, त्याच्या चुंबकित पत्र्यांचे १५० थर, आणि थरांच्या मधून दोन-दोन मीटर लांबीरुंदीचे कांचेचे कक्ष, अशी ती कल्पना आहे. कक्षाची रचना साधी दिसते. कांचेच्या दोन तक्त्यांमध्यें दोन मिलिमीटरची फट, फटींत विशिष्ट वायूंचें मिश्रण, आणि दोन्ही तक्त्यांवर सुमारें दहा हजार व्होल्टांचा दाब. कण आरपार गेला कीं वायूंत त्या जागीं लहानशी ठिणगी पडते. कांच वीज सहजासहजी वाहूं देत नाहीं, म्हणून ठिणगी तेवढ्यापुरतीच राहून विझते. कक्षाच्या वर एका दिशेनें व खालीं दुसऱ्या दिशेनें तांब्याच्या ६४-६४ पट्ट्या लावलेल्या असतात. वरची कोणती आणि खालची कोणती पट्टी बोलली, ह्यावरून ठिणगीची जागा कळते.

एका कक्षाला १२८ पट्ट्या, आणि कक्ष २८,८००. म्हणजे ३६ लाखांहून अधिक पट्ट्या, आणि प्रत्येकीला स्वतःचा विवर्धक व स्वतःचा उंबरठा. जुन्या काळीं एका गणकामागें एक व्हॉल्व्ह पुरे. येथें सारी रचना नखाएवढ्या चिपेंत बसवणें भाग पडतें. ह्याच कामासाठीं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत 'अनुस्पर्श' नांवाची चिप रचण्यांत आली. अशा चिपेच्या रचनाकाराला चार गोष्टींचा एकदम विचार करावा लागतो. वेग हवा, कारण स्पंद अब्जांश सेकंदांत उभा राहतो. संवेदन हवें, कारण स्पंद कांहीं सहस्रांश व्होल्टांचा असतो. किंमत बेतांत हवी, कारण एका रुपयाची वाढ ३६ लाखांनीं गुणली जाते. आणि वीज अत्यल्प हवी. समजा, प्रत्येक वाहिनीला वॅटचा दहावा भाग जरी लागला, तरी बंद डोंगराच्या पोटांत साडेतीन लाख वॅटांहून अधिक उष्णता सतत साचत राहील. ह्या चार मागण्या एकमेकींच्या सवती आहेत. वेग वाढवला कीं वीज वाढते. वीज कमी केली कीं खरखर वर डोकें काढते. उत्तम रचना म्हणजे चौघींना थोडें थोडें नाखूष ठेवून घर चालवणें.

त्यांतहि काळाचें मोजमाप सर्वांत नाजूक. म्यूऑन वरून आला कीं खालून, हें ओळखण्यावर त्या वेधशाळेचें बरेंचसें काम अवलंबून असणार. खालून आलेल्या म्यूऑनचा जनक न्यूट्रिनो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूनें, बारा हजारांहून अधिक किलोमीटर खडक ओलांडून आलेला असूं शकतो. त्या प्रवासांत त्याचें रूप पालटतें कीं काय, हेंच पाहावयाचें असतें. प्रकाशाच्या वेगानें जाणाऱ्या कणाला एक मीटर जाण्यास ३.३ नॅनोसेकंद लागतात. परंतु तारेंतून संकेताला तेवढेंच अंतर तोडण्यास सुमारें पांच नॅनोसेकंद लागतात. म्हणजे दोन थरांच्या तारांत एका मीटरचा फरक पडला आणि तो हिशेबांत धरला गेला नाहीं, तर वरून आलेला कण खालून आल्यासारखा भासेल! सगळें विश्वरहस्य एका मीटर तारेच्या गफलतींत उलटें होऊं शकतें.

ही केवळ कल्पना नव्हे. २०११ सालीं जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेंतून ७३० किलोमीटर दूर इटलींतील ग्रान सासो येथें पाठवलेले न्यूट्रिनो प्रकाशाहून ६० नॅनोसेकंद आधीं पोंचले, असें 'ऑपेरा' प्रयोगाच्या शास्त्रज्ञांना आढळलें. जगभर खळबळ उडाली. आइन्स्टाइनचा सिद्धान्त मोडला काय, अशी चर्चा सुरू झाली. पुढच्या वर्षीं कारण सांपडलें, तें प्रकाशतंतूच्या एका जोडणींत. ती पुरती घट्ट बसलेली नव्हती. तेथील शास्त्रज्ञांनीं आपला निष्कर्ष प्रथमपासूनच प्रश्नचिन्हासह मांडला होता आणि इतरांना तपासणीचें आवाहन केलें होतें, हें त्यांच्या सचोटीचें लक्षण. परंतु एक सैल जोडणी किती दूरवर बोलूं शकते, हें त्या प्रसंगानें सर्वांना दाखवलें.

सर्न येथील मोठ्या शोधकांत प्रश्न निराळाच असतो. तेथें घटना दुर्मिळ नसतात. त्या इतक्या असतात, कीं सर्व ठेवून घेणें अशक्य. 'सीएमएस' ह्या शोधकाच्या बाह्य भागांतील चमकणाऱ्या प्लास्टिकचे थर मुंबईच्या टाटा संस्थेनें पंजाब विद्यापीठाच्या साहाय्यानें उभारले. चुंबकीय क्षेत्रांत नीट न चालणारे त्यांतील पहिले प्रकाशग्राहक २०१३-१४ च्या दुरुस्तीकाळांत काढून त्यांजागीं सिलिकॉनचे बसवण्यांत आले. ह्या शोधकांत प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनीं, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळां एकमेकांना छेदतात. नोंद करून ठेवण्याजोग्या त्यांपैकीं सुमारें एक हजारच.

हंगामांत यवतमाळच्या कापूसबाजारांत गाड्यांची रांग लागते, त्याची येथें आठवण व्हावी. पारखी प्रत्येक गाडीपाशीं येतो, मूठभर कापूस उचकटून धागा पाहतो, भाव ठरवतो आणि पुढें जातो. तो पाहत असतां मागच्या गाड्या रांगेंत थांबतात. शोधकांतहि अशीच रांग असते. प्रत्येक छेदाची माहिती चिपेंतील कप्प्यांच्या रांगेंत शिरते आणि दर २५ नॅनोसेकंदांनीं एक घर पुढें सरकते. मूळ रचनेंत ही रांग १२८ घरांची, तेवढ्या ३.२ मायक्रोसेकंदांत पारखी मंडलानें निर्णय दिलाच पाहिजे. निर्णय आला तर माहिती पुढें जाते; नाहीं तर शेवटच्या घरांतून ती पुसली जाते. पहिल्या चाळणींतून सेकंदाला एक लाख घटना निघतात, दुसरींतून हजार.

परंतु कापूसबाजाराशीं असलेलें साम्य येथें संपतें. नाकारलेली गाडी दुसऱ्या बाजारीं जाऊं शकते; नाकारलेली घटना कायमची नाहींशी होते. काय ठेवावयाचें हें शास्त्रज्ञ आधींच ठरवतात, आणि जें त्यांना सुचलेंच नाहीं तें चाळणींतून खालीं पडूं शकतें. २०१२ सालीं हिग्ज कणाची घोषणा झाली, कारण त्याच्या खुणा कोणत्या असतील ह्याचा विचार मंडलांत अगोदर भरलेला होता. ज्या कणाच्या खुणांचा विचार कोणीं केलाच नाहीं, तो कदाचित् कित्येकदां येऊन गेलाहि असेल. म्हणून चाळणी रचणारे लोक कांहीं घटना मुद्दाम कसलीहि निवड न करतां ठेवतात. आपल्याच उंबरठ्यावर नजर ठेवण्याची ती युक्ति आहे.

ज्याला एकानें खरखर म्हणावें, तो दुसऱ्याचा संकेतहि ठरतो. उटकमंड येथें टाटा संस्थेचा 'ग्रेप्स-३' हा प्रयोग चालतो. तेथील म्यूऑन-दुर्बीण मिनिटाला सुमारें २५ लाख म्यूऑन मोजते. १ डिसेंबर २०१४ रोजीं डोक्यावर वादळ असतां ही गणती सुमारें दोन टक्क्यांनीं घटली. एवढ्याशा घटीवरून त्या ढगांतील विद्युद्दाब १३० कोटी व्होल्ट असल्याचा निष्कर्ष निघाला व २०१९ सालीं तो प्रसिद्ध झाला. रेडिओला त्रास देणाऱ्या मेघाचें माप अशा रीतीनें अदृश्य कणांनीं दिलें.

न्यूट्रिनो वेधशाळेची कथा मात्र अपुरी आहे. तामिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत, पोट्टिपुरम् गांवाजवळच्या डोंगराखालीं ती उभारावयाची, असें ठरलें. २०१५ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला मान्यता दिली. परंतु पश्चिम घाटाची नाजूक सृष्टि, पाणी आणि स्थानिकांची चिंता ह्या प्रश्नांवरून विरोध झाला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि पुढचीं वर्षें वादांतच सरलीं. मदुरेस ८५ टनांचा एक छोटा नमुना मात्र उभा आहे. त्यांत कांचेचे कक्ष, चिपा व काळ मोजणारीं मंडलें काम करितात. पण जमिनीवर त्यांना म्यूऑनांचाच पाऊस मोजावा लागतो. दरम्यान न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम कोणता, ह्याच प्रश्नाचा शोध घेणारा 'जूनो' हा शोधक चीनमध्यें २०२५ सालीं सुरू झाला. हजारो वाहिन्यांचें ज्ञान हातांत आहे, पण त्यांना हवी ती शांतता नाहीं, अशी ही स्थिति. शांतता ही यंत्रांत बसवतां येत नाहीं. ती डोंगराकडून आणि डोंगरापाशीं राहणाऱ्या माणसांकडून मागून घ्यावी लागते.

साक्षीचा हा न्याय लवकरच यवतमाळच्या शेजारीं येणार आहे. पैनगंगेपलीकडच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ परिसरांत गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मान्यता दिली. तेथें कण नव्हे, तर अवकाशाचें सूक्ष्म स्पंदन मोजावयाचें आहे. तरी नियम रॉसीचाच. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंत सुमारें तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांनीं सात सहस्रांश सेकंदांच्या अंतरानें एकच कंप सांगितला, म्हणून तो मानला गेला. एकाच वेधशाळेचें ऐकून इतका मोठा शोध जाहीर करणें कठीण होतें. औंढ्याची वेधशाळा हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा आणखी एक साक्षीदार ठरेल.

आणि मृगाच्या दिवसांत पैनगंगेच्या अलीकडे वीज चमकेल, तेव्हां तिची चाहूल त्या वेधशाळेच्या चुंबकमापकांनाहि लागेल. वीज केव्हां चमकली हें नीट टिपून ठेवावयाचें, म्हणजे तिची तडतड विश्वाच्या संदेशांत मिसळणार नाहीं, हें तेथील इलेक्ट्रॉनिक रचनाकारांचें नित्याचें काम असेल.